एमी ग्रँट ऐकायची तर कशी ऐकायची: चार्ट सोडा, गाण्यामागची माणसं धरा

आपल्याकडे इंग्रजी ख्रिस्ती गाणी ऐकणारी तरुण मंडळी बहुतेक लॉरेन डेगल नाहीतर एखाद्या वर्शिप बँडपासून सुरुवात करतात, आणि मग कोणीतरी सांगतं की अरे जरा मागे जा, एमी ग्रँट ऐक, समकालीन ख्रिस्ती संगीतातली (म्हणजे पॉप वळणाच्या ख्रिस्ती गाण्यांतली) ती अमेरिकन गायिका. मग अ‍ॅप उघडलं की समोर सगळा गोंधळ, पन्नासेक वर्षांचं काम एकाच ढिगात, रीमास्टर, कलेक्शन, नाताळचे आल्बम, आणि सगळ्यात वर 'बेबी बेबी'. ते ऐकून माणूस म्हणतो, ही तर साधी प्रेमाची पॉप गाणी आहेत, यात ख्रिस्ती काय? आणि बंद करतो. किंवा उलटं होतं, कोणी 'एल शडाय' ऐकून येतो आणि त्याला पुढची वीस वर्षं कळतच नाहीत. दोन्हीकडे नुकसान आपलंच होतं म्हणून हे सविस्तर लिहितोय. 2022 मध्ये तिला केनेडी सेंटर ऑनर मिळाला, हा अमेरिकेतला कलाकारांच्या आयुष्यभराच्या कामाचा मोठा सन्मान, त्या वर्षी सोबत यू-टू, जॉर्ज क्लूनी, ग्लॅडिस नाइट, तानिया लेओन असली नावं होती, आणि समकालीन ख्रिस्ती संगीतातून तिथपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तर हे करिअर नीट समजून घेतलं की त्या सगळ्या संगीताचा धंदा, त्यातली भांडणं, त्यातली भक्ती, सगळं आपोआप कळायला लागतं.

माझी पद्धत सोपी आहे. प्रत्येक गाण्याचे क्रेडिट्स उघडायचे. अ‍ॅपमध्ये गाण्याच्या मेन्यूत असतात, तिथे अपुरे असले तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर आल्बमचं पान बघा, मागच्या कव्हरचे फोटोसुद्धा मिळतात. आणि पाच नावं कागदावर लिहून ठेवा: ब्राउन बॅनिस्टर, गॅरी चॅपमन, मायकल डब्ल्यू. स्मिथ, वेन कर्कपॅट्रिक, कीथ थॉमस. हे करिअर म्हणजे तिची गाणी लिहिणाऱ्या, वाजवणाऱ्या, रेकॉर्ड करणाऱ्या या माणसांचं येणंजाणं आहे. बिलबोर्ड मासिकाच्या चार्टवर कितवा नंबर आला ते नंतर बघू, ते कुठेही सापडतं.

आता सुरुवातीचं. एमीचा जन्म 1960 चा, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा, पण वाढली नॅशव्हिलमध्ये. वडील डॉक्टर, चार बहिणींत ही सगळ्यात धाकटी. घरचं चर्च म्हणजे चर्च ऑफ क्राइस्ट, आणि हे लक्षात ठेवायचं कारण या पंथाच्या बहुतेक मंडळ्यांमध्ये उपासनेत वाद्यच वाजवत नाहीत, पियानो नाही, ऑर्गन नाही, नुसते आवाज आणि चार सुरांतली हार्मनी. म्हणजे जिला पुढे जगाने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनसोबत ऐकलं तिचा कान तयार झाला बिनवाद्यांच्या गाण्यात. तिच्या बॅकिंग व्होकल्सकडे मुद्दाम लक्ष द्या, साध्या पॉप गाण्यातसुद्धा मागचे आवाज किती विचाराने रचलेत ते बघा, मला तरी ते तिथूनच आलेलं वाटतं.

शाळेत असताना ती गाणी लिहायची आणि आईवडिलांना देण्यासाठी एक टेप रेकॉर्ड केली. त्यात मदत केली ब्राउन बॅनिस्टरने, जो तिच्या चर्चच्या युवक गटात मोठा भाऊ म्हणावा असा होता आणि स्टुडिओत काम करत होता. त्या टेपची कॉपी काढताना ती क्रिस क्रिश्चन नावाच्या निर्मात्याच्या कानावर पडली, त्याने वर्ड रेकॉर्ड्सला फोनवर ऐकवली, आणि सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच तिला कराराची ऑफर आली. वर्ड ही टेक्सासमधल्या वेको गावातली कंपनी, 1951 पासूनची, ख्रिस्ती रेकॉर्ड काढणारी, आणि त्यांचा माल विकला जायचा मुख्यतः ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे कारण पुढची सगळी भानगड इथूनच समजते. ख्रिस्ती दुकान, ख्रिस्ती रेडिओ, चर्चमधले कार्यक्रम, हा एक वेगळा बाजार होता, त्याचे वेगळे चार्ट, वेगळी बक्षिसं (डव्ह अवॉर्ड, 1969 पासून), आणि बाहेरच्या जगाला तो जवळजवळ दिसायचाच नाही. 1995 मध्ये साउंडस्कॅन या रेकॉर्डची विक्री मोजणाऱ्या यंत्रणेने ख्रिस्ती दुकानांची विक्री मोजायला सुरुवात केली तेव्हा कुठे मुख्य चार्टवर हे आल्बम त्यांच्या खऱ्या जागी दिसू लागले.

पहिला आल्बम, नुसत्या 'एमी ग्रँट' नावाचा, ती शाळेत असतानाच आला. पूर्ण ऐकायची गरज नाही असं मी म्हणेन, पण दोन-तीन गाणी ऐका, आवाज अगदी कोवळा आहे, आणि मागे निर्माता म्हणून बॅनिस्टर. मग 1979 चं 'माय फादर्स आइज' ऐका. हे गाणं लिहिलंय गॅरी चॅपमनने, ज्याच्याशी तिने 1982 मध्ये लग्न केलं. कागदावरच्या दोन नावांवर टिक झाली.

इथून थेट 1982 च्या 'एज टू एज'वर या, आणि हा आल्बम मात्र बसून ऐका. एकल ख्रिस्ती कलाकाराचा गोल्ड (अमेरिकेत पाच लाख प्रती) झालेला हा पहिला आल्बम, आणि पुढे प्लॅटिनमही (दहा लाख) झाला. 'एल शडाय' हे मायकल कार्ड आणि जॉन थॉम्प्सन यांचं गाणं, एमीचं नाही, पण तिने ते इतकं शांतपणे गायलंय, कुठे आवाज दाखवायचा मोह नाही, की गाणं लिहिणाऱ्यांपेक्षा तिच्या नावाने जास्त ओळखलं गेलं. दुसरं 'सिंग युअर प्रेज टू द लॉर्ड', हे रिच मलिन्सचं, तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्याची सुरुवात ऐकाच, पियानोवर बाखची सी मायनरमधली फ्यूग (एकात एक गुंफलेल्या सुरांची रचना) येते आणि त्यातून एकदम पॉप गाणं उसळतं. दुसऱ्यांची चांगली गाणी ओळखून ती आपलीशी करणं हे तिचं मोठं कसब, आणि जे स्वतः गातात त्यांनी हे शिकावं, सगळंच स्वतः लिहिलं पाहिजे असं काही नसतं.

याच सुमारास मायकल डब्ल्यू. स्मिथ तिच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला आला. लगेच 1983 मध्ये त्याचा स्वतःचा पहिला आल्बम आला, रियुनियन नावाच्या लेबलवर, आणि ते लेबल काढलेलं एमीच्याच मॅनेजरांनी, डॅन हॅरेल आणि माइक ब्लँटन यांनी. किती छोटं वर्तुळ आहे बघा. नॅशव्हिलमधली हीच मंडळी एकमेकांची गाणी लिहितायत, एकमेकांच्या रेकॉर्डवर वाजवतायत, एकमेकांच्या दौऱ्यांत जातायत. या करिअरमध्ये नशिबाचा भाग असेल, पण मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तिने चांगली माणसं लवकर धरली आणि वर्षानुवर्षं सोडली नाहीत. ज्यांना चर्चच्या युवक गटातून काही उभं करायचंय त्यांनी महागडा माइक घेण्याआधी हे बघावं की आपल्यासोबत दहा वर्षं राहील असं कोण आहे.

1984 च्या 'स्ट्रेट अहेड'मधलं 'दाय वर्ड' आपल्याकडे इंग्रजी उपासनेत जाणाऱ्यांना बहुतेक पाठ असतं. धृपद म्हणजे स्तोत्र 119 चं 105 वं वचन, चाल स्मिथची, कडवी एमीची. ते गाताना लक्ष द्या की धृपद शास्त्रातलं ठाम आहे आणि कडव्यांत मात्र घाबरलेला, वाट चुकलेला माणूस बोलतोय. ही रचना तिच्याकडे पुन्हा पुन्हा येते. त्याच आल्बमवर 'एंजल्स' आहे, सुरुवात प्रेषितांची कृत्ये 12 मधल्या पेत्राच्या तुरुंगाची, आणि पुढे ती स्वतःच्या आयुष्यावर येते. 1985 च्या ग्रॅमी सोहळ्यात तिने हे गाणं अनवाणी उभं राहून गायलं, त्याचा व्हिडिओ मिळाला तर नक्की बघा.

आता दुसरा दरवाजा, ख्रिस्ती बाजाराबाहेरचा. 1985 मध्ये तिच्या आल्बमांचं बाहेरच्या बाजारातलं वितरण ए अँड एम रेकॉर्ड्सकडे गेलं. म्हणजे एकच आल्बम ख्रिस्ती दुकानात वर्डकडून आणि साध्या रेकॉर्ड दुकानात ए अँड एमकडून. 'अनगार्डेड' त्याच वर्षीचा, कव्हरवर बिबट्याच्या कातडीच्या नक्षीचं जॅकेट, आवाज पूर्ण ऐंशीच्या दशकातला, आणि 'फाइंड अ वे' हॉट 100 या बिलबोर्डच्या मुख्य चार्टवर 29 पर्यंत गेलं. दुसऱ्या वर्षी पॉप गायक पीटर सेटेरासोबतचं 'द नेक्स्ट टाइम आय फॉल' थेट एक नंबरला. चर्चमध्ये काहींना हे आवडलं नाही. मी 'अनगार्डेड' एकदा ऐकून पुढे जा असं सांगेन, मला तो निर्मितीच्या चकाकीत थोडा अडकलेला वाटतो, पण ज्यांना सिंथ आवडतो त्यांना मजा येईल.

थांबायचं ते 1988 च्या 'लीड मी ऑन'वर. तुमच्याकडे फक्त एका आल्बमचा वेळ असेल तर हाच घ्या, बाकी सगळं राहू दे. सीसीएम मॅगझिनने 2001 मध्ये समकालीन ख्रिस्ती संगीतातल्या सर्वश्रेष्ठ आल्बमांची यादी केली तेव्हा हा पहिल्या नंबरवर होता, आणि मला त्यात काडीचीही शंका नाही. शीर्षकगीत एमी, स्मिथ आणि कर्कपॅट्रिकचं, त्यात गुलामगिरीतली माणसं आहेत आणि यहुद्यांना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या आहेत, आणि त्या दुःखातून आलेली प्रार्थना आहे. पॉप गाण्यात एवढं ओझं पेलणं सोपं नाही आणि इथे ते कुठेही भाषण वाटत नाही. '1974' मध्ये ती स्वतःच्या किशोरवयातल्या विश्वासाची आठवण काढते, पण त्यात गोडवा कमी आणि ओढ जास्त. 'फेथलेस हार्ट' आहे लग्न झालेल्या बाईच्या मनातल्या मोहाबद्दल, 1988 मध्ये एका ख्रिस्ती गायिकेने हे गाणं चर्चमध्ये जाणाऱ्या श्रोत्यांसमोर ठेवलं, किती धाडस लागलं असेल. 'व्हॉट अबाउट द लव्ह' हे जॅनिस इयन आणि काय फ्लेमिंगचं, धर्माच्या नावाने कडक होत गेलेल्या माणसांना प्रश्न विचारणारं. आणि 'इफ दीज वॉल्स कुड स्पीक' जिमी वेबचं, घराच्या भिंतींबद्दल, अगदी हळुवार. हा आल्बम मागे लावून काम करत ऐकू नका, शब्द समोर ठेवून, हेडफोन लावून, एका बैठकीत ऐका. बॅनिस्टरची निर्मिती आहे, गिटार मोकळ्या आहेत, आवाजाला श्वास घ्यायला जागा आहे. अकरा वर्षं एकत्र काम केल्यावर निर्माता आणि गायिका यांच्यात जो भरवसा येतो तो इथे ऐकू येतो.

हे ऐकल्यावर मग 1991 च्या 'हार्ट इन मोशन'कडे या, आधी नको. क्रम बदलला तर हा आल्बम उथळ वाटतो, क्रमाने आलात तर कळतं की हिने ठरवून, हलक्या मनाने एक पॉप रेकॉर्ड केलाय. 'बेबी बेबी'चं संगीत कीथ थॉमसचं, शब्द एमीचे, आणि प्रेरणा म्हणजे तिची सहा आठवड्यांची मुलगी, तसं आल्बमवर लिहिलेलंही आहे. हे माहीत असलं की गाणं एकदम वेगळं लागतं. हॉट 100 मध्ये एक नंबर, 'एव्हरी हार्टबीट' दोन, 'दॅट्स व्हॉट लव्ह इज फॉर' सात, 'गुड फॉर मी' आठ, आणि ग्रॅमीत वर्षाचा आल्बम, रेकॉर्ड, गाणं या तिन्ही मोठ्या विभागांत नामांकन. 'बेबी बेबी'च्या व्हिडिओमध्ये नवऱ्याऐवजी एक मॉडेल होता यावरून ख्रिस्ती वर्तुळात केवढी नाराजी झाली. पण आल्बम शेवटपर्यंत ऐका ना, मध्यावर 'आस्क मी' आहे, लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या एका स्त्रीबद्दल, आणि ती स्त्री तरीही देवाबद्दल काय म्हणते त्याबद्दल. आणि शेवटी 'होप सेट हाय', सरळ विश्वासाचं गाणं. ज्यांनी ही बाई देवाला विसरली म्हणून बोंब मारली त्यांनी कॅसेटची दुसरी बाजू ऐकली होती का असा मला नेहमी प्रश्न पडतो.

खरं तर आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना हा वाद नवा वाटायला नको. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी अभंगाच्या, भजनाच्या वळणाने लिहिली, लोकांच्या ओठांवर आधीपासून असलेल्या चालींत, आणि आज ती आपल्या उपासनेचा कणा आहेत. लोक ज्या चालीत जगतात त्या चालीत विश्वास गायचा, ही गोष्ट तिथे आणि इथे सारखीच. फरक एवढाच की टिळक चालीकडून भक्तीकडे आले आणि एमीवर आरोप झाला की ती उलटी गेली, आणि तो आरोप मला तिचे सगळे आल्बम ऐकल्यावर टिकत नाही असंच वाटतं.

1994 चं 'हाउस ऑफ लव्ह' घाईत ऐकलं तरी चालेल, शीर्षकगीत म्हणजे कंट्री गायक विन्स गिलसोबतचं ड्युएट आहे. पण 1997 च्या 'बिहाइंड द आइज'ला वेळ द्या. अकूस्टिक गिटार पुढे, आवाज खाली उतरलेला, गाण्यांत देवाचं नाव जवळपास नाही. संसार मोडकळीला आल्याच्या काळातली गाणी आहेत. यावर खूप चर्चा झाली की याला ख्रिस्ती आल्बम म्हणायचं का, आणि तरी 1998 मध्ये त्याला पॉप विभागातला सर्वोत्तम आल्बम म्हणून डव्ह मिळाला. स्तोत्रसंहितेत नुसती स्तुती नाही, रडगाणीही भरपूर आहेत, आणि मी या आल्बमकडे तसंच बघतो.

1999 मध्ये तिचा गॅरी चॅपमनशी घटस्फोट झाला आणि 2000 मध्ये तिने विन्स गिलशी लग्न केलं. काही ख्रिस्ती रेडिओ स्टेशनांनी तिची गाणी वाजवणं बंद केलं. या भागाबद्दल वाचायला गेलात तर दोन्ही टोकाचं लिखाण सापडेल, आणि माझा सल्ला असा की त्यात फार वेळ घालवू नका. त्या घरातलं काय ते त्या घरातल्यांना माहीत, त्यात मुलं होती. आपल्या कामाचं एवढंच की या बाजारात कलाकाराचं खासगी आयुष्य हाही मालाचा भाग धरला जातो, बराचसा ख्रिस्ती रेडिओ देणगीदारांच्या पैशावर चालतो, देणगीदार नाराज झाला की गाणं थांबतं. साध्या पॉप गायिकेला हे सहसा सोसावं लागत नाही. कोणाला या क्षेत्रात जायचं असेल तर हे डोळे उघडे ठेवून समजून घ्या, घरच्यांशीही बोलून घ्या.

आणि मग 2002 चा 'लेगसी... हिम्स अँड फेथ'. निर्माते कोण? ब्राउन बॅनिस्टर आणि विन्स गिल. टेपवाला बॅनिस्टर पुन्हा हजर, सोबत नवा नवरा, आणि गाणी कुठली, तर लहानपणी बिनवाद्यांच्या चर्चमध्ये गायलेली जुनी स्तोत्रं, थोडी ब्लूग्रास (बँजो-फिडलवालं अमेरिकन लोकसंगीत) वळणाने. क्रेडिट्स बघत आलात तर इथे अंगावर काटा येतो, नुसतं गाणं लावलं तर हे कळणारच नाही. ज्यांच्या आईवडिलांना पॉप चालत नाही त्यांना घरी हाच आल्बम लावता येईल.

नंतरच्या कामातून 2010 चं 'बेटर दॅन अ हालेलुया' ऐका, लिहिणाऱ्या दुसऱ्याच आहेत, म्हणजे 'एल शडाय'च्या वेळची नजर अजून शाबूत. 2013 चा 'हाउ मर्सी लुक्स फ्रॉम हिअर' तिची आई गेल्यानंतरचा, त्यात जेम्स टेलरसोबतचं 'डोन्ट ट्राय सो हार्ड' मला फार जवळचं आहे. 2020 मध्ये तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, 2022 मध्ये सायकलवरून पडून मोठी दुखापत झाली, आणि 2023 मध्ये 'ट्रीज वील नेव्हर सी' हे नवं गाणं आलं. आवाज बदललाय, खालचा झालाय, पण ऐकायला बरा वाटतो, खरा वाटतो.

ज्यांना यातली गाणी आपल्या कॉयरमध्ये घ्यायची आहेत त्यांच्यासाठी थोडं. 'दाय वर्ड' नवख्या गटाला सगळ्यात सोपं, पण वेग वाढवू नका, आणि एकदा तरी वाद्यं बंद करून नुसत्या आवाजात बसवून बघा. 'एल शडाय'मधले हिब्रू शब्द आधी बोलून घोटून घ्या, मग सूर लावा. 'सिंग युअर प्रेज'ला पियानोवाला तयारीचा असेल तरच हात घाला. आणि मराठी भाषांतर करून छापायचं किंवा यूट्यूबवर टाकायचं असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते, चर्चसाठी आहे म्हणून फुकट असं नसतं, यात लिहिणाऱ्यांचं पोट आहे. शास्त्रातलं मूळ वचन कोणाच्या मालकीचं नाही, पण ती चाल आणि ती कडवी आहेत.

नाताळचे आल्बम मी मुद्दाम बाजूला ठेवलेत, ते वरच्या क्रमात घुसवू नका, डिसेंबरात वेगळे ऐका. 1983 च्या आल्बमात 'टेनेसी ख्रिसमस' आहे, 1992 च्या 'होम फॉर ख्रिसमस'मध्ये 'ब्रेथ ऑफ हेवन'. हे दुसरं मूळ क्रिस ईटनचं, एमीने त्याचे शब्द मरियेच्या तोंडून नव्याने लिहिले, आणि तेव्हा ती स्वतः गरोदर होती. आगमनकाळातल्या उपासनेत एकल गायनासाठी याच्याइतकं योग्य गाणं मला तरी माहीत नाही, फक्त गाणारीने खालचे सूर तपासून घ्यावेत, सुरुवात बरीच खाली आहे.